इनासदादाचा मॅकरोनी-खिमा

“तू आज चुलीपाशी यायचं नाहीस,” इनासदादा म्हणाला. “आलीस तर नुसती बस. कशाला हात लावू नकोस.”

ऊन उतरत होतं. सायकल पेरूच्या झाडाला टेकवून तो मागच्या दारानेच आत आला होता. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बीफचा खिमा, दुसऱ्या हातात वाण्याने कागदी पिशवीत भरून दिलेली मॅकरोनी. सेमिनरीचा पांढरा झगा त्याने आदल्या दिवशी घरी आल्या आल्या खुंटीला टांगला होता. अंगात पप्पांची जुनी बंडी होती. त्या बंडीत तो ब्रदर वाटतच नव्हता, वाडीवर काम करणारा कुणीही तरुण वाटत होता.

“तुला जेवण करता येतं?” मी विचारलं.

“तिथे आम्हाला किचनची पाळी असते. तुला काय वाटतं, आम्ही दिवसभर गुडघ्यांवरच असतो?”

“पण हे मॅकरोनीचं काय करणार? सूप?”

“खिम्यात घालणार. आमचा बस्त्याव करतो तिथे. बावर्ची आहे. थोड्या खिम्यात सगळी सेमिनरी जेवते.”

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. वसईच्या किनारपट्टीत आमचं गाव. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, पण ती लिहायची सवय मला नाही, म्हणून सरळ मराठीतच सांगते. पप्पांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. इनासदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एसएससी झाल्यावर तो सेमिनरीत गेला, फादर व्हायला. गावातल्या आमच्या वाड्यातून अजून कुणी फादर झालेलं नव्हतं. त्यामुळे तो तिथे पाऊल ठेवायच्या आधीच लोक त्याला ‘ब्रदर’ म्हणायला लागले, आणि पप्पांना ‘ब्रदरचा बाप’.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आईच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी ती विहिरीवर कळशी भरत होती, आणि तिथेच खाली बसली ती उठलीच नाही. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जड, पण समजेल असं. तेव्हापासून घर माझ्याकडे होतं. सकाळी आईला उठवणं, तिचं सगळं करणं, भाकऱ्या, पप्पांचा डबा, कळ्या खुडणं, पुन्हा रात्रीचं जेवण, आईला भरवणं. मी कुरकुर केली नाही. करण्यासारखं काही वाटलंही नाही. वीस वर्षांची मुलगी घरात असताना हे दुसरं कोण करणार, असं सगळ्यांना वाटायचं आणि मलाही.

दादा तेव्हा एक दिवस येऊन आईला बघून गेला होता. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला सेमिनरीने डोंगराकडच्या पाड्यांवर कामाला पाठवलं. सुट्टीचे शेवटचे दोन-तीन दिवस तेवढे घरी मिळाले. शुक्रवारी आला, सोमवारी परत जायचा होता. मी सांगतेय तो शनिवार.

त्याने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, बाहेरच्या खोलीत गेला आणि वेताची खुर्ची उचलून आणली. ती चुलीपासून थोडी लांब, भिंतीशी ठेवली. परत गेला आणि आईला दोन्ही हातांवर उचलून आणून तिच्यात बसवलं.

“अरे, धूर लागेल तिला,” मी म्हणाले.

“लागू दे. इतकी वर्षं लागलाच की.”

आजारी पडल्यापासून आई स्वयंपाकघरात आलीच नव्हती. ती फडताळाकडे बघत होती. मी बरण्यांच्या जागा बदलल्या होत्या, माझ्या हाताशी येतील अशा. ते तिच्या लक्षात आलं असणार. मला एकदम चोरट्यासारखं झालं.

“आई, मसाला किती घालू?” दादाने विचारलं.

“फिलूला विचार.”

“फिलूची आज सुट्टी. तू सांग.”

मी बसून राहिले. हातांना काही काम नसलं की ते कुठे ठेवायचे तेच कळत नाही. मी लसणीच्या पाकळ्या सोलायला घेतल्या, तर त्याने ताटली माझ्या पुढ्यातून उचलून घेतली.

“फिलू, तू जा. विहिरीवर आंघोळ करून ये. घाई करू नकोस. केस धू.”

“आता? संध्याकाळी?”

“मग कधी धुतेस?”

मी टॉवेल घेतला आणि गेले. ती आंघोळ मला अजून आठवते. पोफळीच्या झापांचा आडोसा, वर आभाळ, आणि घरातून कुणी हाक मारील म्हणून कान टवकारून पाणी ओतायचं नाही, हे पहिल्यांदाच. केस शिकेकाईने धुतले, मग नुसतीच दगडावर बसून राहिले.

परत आले तेव्हा मागच्या दारापर्यंत वास आला होता. मसाला, तळलेला कांदा, खिमा. आणि आईचा आवाज.

“एवढं पाणी? मासे धुणार आहेस का त्यात?”

“आई, मॅकरोनीला लागतं एवढं. मीठ घालून उकळायचं.”

“आणि मग ते ओतून देणार?”

“थोडं ठेवायचं. खिम्यात घालायला.”

“आणि गाळणार कशात?”

दादाने इकडेतिकडे बघितलं. मग खुंटीवरची तांदूळ धुवायची रोवळी काढली.

“माझी रोवळी!” आई म्हणाली.

“धुऊन देतो.”

मी दारातच थांबले. आईच्या कपाळावर घाम होता, पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती खुर्चीत पुढे झुकून बसली होती. गेले तीन महिने मी तिला काही विचारायची नाही. तिला त्रास नको म्हणून. मीठ किती, कालवणात कोकम कधी, काहीच नाही. जे काही करायचं ते स्वतः, तिने बाहेरच्या खाटेवर पडून राहायचं. ते बरोबरच होतं असं मी समजत होते.

दादाने मोठ्या टोपाचं झाकण काढलं. खिमा तांबूस झाला होता, कडेने तेल सुटलं होतं. त्याने टोमॅटो हातानेच कुस्करून आत टाकले, व्हिनेगरचा एक शिंतोडा मारला, मॅकरोनीचं गढूळ पाणी ओतलं आणि वाफाळती मॅकरोनी त्यात उलटी केली. मोठ्या पळीने खालीवर करत राहिला.

“दिसतं तरी कसं ते,” आई म्हणाली. पण तिने मान लांब करून बघितलं.

तेवढ्यात कुंपणातून मोनीमावशी आली. आमच्या शेजारची, आईची बालमैत्रीण. हातात कैरीच्या लोणच्याची वाटी. आईला स्वयंपाकघरात बसलेली बघून ती उंबऱ्यातच थबकली.

“मोने, ये. बघ माझा मुलगा काय शिजवतोय.”

“मावशी, इथेच जेव,” दादा म्हणाला.

“नको रे, तुमचं बेताचं असेल.”

“हे बेताचं नसतंच. वाढतं.” त्याने माझ्याकडे बघितलं. “बटाटे कुठे आहेत? उठू नकोस. नुसतं सांग.”

त्याने बटाट्यांच्या बारीक फोडी केल्या आणि खिम्यात लोटल्या. अर्धा कोबी होता, तोही चिरून टाकला. बटाटे शिजेपर्यंत पप्पा वाडीवरून आले, पाय धुतले, आत डोकावले.

“आज काय आहे?”

“मॅकरोनी-खिमा,” दादा म्हणाला.

पप्पांनी टोपात बघितलं. “बरं. आणि भात?”

“भात नाही, पप्पा. हेच जेवण.”

“भात नाही?” पप्पांनी आईकडे बघितलं. आई हसली. आजारपणानंतर तिचा चेहरा एका बाजूला थोडा ओढला गेला होता, म्हणून ती लोकांसमोर हसायचं टाळायची. तेव्हा मात्र हसली. मग दादाने पप्पांसाठी मुकाट्याने लहान पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवले, त्याच रोवळीत.

भात होतोय तोवर बाहेर स्कूटर थांबली. आमच्या चर्चचे फादर हिलरी. आजाऱ्यांना भेटायला ते वाड्यावाड्यांतून फिरायचे, पण शनिवारी संध्याकाळी कधी येत नसत. मी आत गेले आणि उगाच पाण्याचा तांब्या भरला. ते माझ्यासाठी आले होते, हे मला कळलं होतं.

उपवासकाळाच्या आधी त्यांच्याच शिफारशीने मी पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगसाठी मुलाखत देऊन आले होते. घरी सांगितलं होतं की मोनीमावशीच्या मुलीबरोबर एका लग्नाला चाललेय. निवड झाली तर मग सांगू, असं मनात होतं. निवड झाली, आणि त्याच आठवड्यात आई पडली. मी फादर हिलरींना जाऊन सांगितलं की माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. त्यांनी नुसती मान हलवली होती. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“फादर, जेवूनच जायचं,” पप्पा बाहेर म्हणत होते. “आज ब्रदरने केलंय.”

दादाने टोपात बघितलं, पिशवीतली उरलेली मॅकरोनी वेगळ्या भांड्यात उकळायला टाकली. “माणसं वाढली की मॅकरोनी वाढवायची, अजून वाढली की बटाटे,” तो मला म्हणाला. “खिमा तेवढाच. बस्त्याव असंच करतो.”

दिवे लागायच्या वेळेला आम्ही टेबलाभोवती बसलो. फादर हिलरींनी दादाला जेवणाची प्रार्थना म्हणायला सांगितलं. त्याने म्हटली, चारच ओळींची. मग त्याने वाढलं. पप्पांच्या ताटात भात आणि त्यावर मॅकरोनी-खिमा, भाजीसारखा. बाकीच्यांना नुसतंच.

मी सवयीने आईच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तिच्यासाठी घास करायला हात पुढे केला.

“फिलू, तू तुझं वाढून घे,” दादा म्हणाला.

त्याने आईपुढे एक खोलगट ताटली ठेवली आणि तिच्या डाव्या हातात मोठा चमचा दिला. आई चमच्याकडे बघत राहिली.

भाकरी एका हाताने मोडत नाही. भात डाव्या हाताने उचलला की तोंडापर्यंत जाताना अर्धा सांडतो. म्हणून मी भरवायची, आणि ती डोळे मिटून खायची. आमच्यात असं काही ठरलं नव्हतं, पण ती भरवून घेताना कधी डोळे उघडायची नाही.

तिने चमचा ताटलीत घातला. पहिला घास मांडीवर पडला. मोनीमावशी काहीतरी म्हणणार होती, तर पप्पांनी एकदम तिच्याशी विहिरीच्या पाण्याची गोष्ट काढली, यंदा किती खाली गेलंय वगैरे. दुसरा चमचा तोंडात गेला. मॅकरोनी खिम्यात चिकटून होती, सांडली नाही. तिसरा गेला. आईने डोळे उघडेच ठेवले होते.

“सेमिनरीत एक म्हातारे फादर आहेत,” दादा हळूच मला म्हणाला. “त्यांचा हात असाच आहे. बस्त्याव त्यांच्यासाठी म्हणून हे करायला लागला. मग आम्हालाही आवडलं.”

मी पाणी प्याले.

“छान झालंय, ब्रदर,” फादर हिलरी म्हणाले. ते खरंच भुकेले होते. ताटली अर्धी झाल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. “फिलोमिना, मी आज जरा कामानेच आलो. पुण्याहून पुन्हा विचारणा आली आहे. त्यांनी जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.”

“कसली जागा?” पप्पांनी विचारलं.

“काही नाही, पप्पा.”

“फादर काहीतरी विचारतायत, आणि काही नाही कसं?”

फादर हिलरींच्या लक्षात आलं की घरात हे माहीत नाही. त्यांचा चेहरा पडला. पण आता मागे घेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. नर्सिंगचं, मुलाखतीचं, मी नाही म्हटल्याचं. आईने चमचा ताटलीत ठेवून दिला.

“मला का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“सांगून काय झालं असतं?” मी म्हणाले. “घर कुणी बघितलं असतं?”

पप्पांनी भातात बोटं फिरवली. मोनीमावशी लोणच्याच्या वाटीकडे बघत होती.

“फिलू जाईल,” दादा म्हणाला.

“अरे, जाईल कशी?” पप्पा म्हणाले. “तू सोमवारी निघालास की घरात कोण आहे?”

“मी निघणार नाही.”

पप्पांना आधी ते कळलंच नाही. “म्हणजे मंगळवारी?”

“मी परत जाणार नाही, पप्पा. सेमिनरी सोडतोय.”

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. फादर हिलरींनी हात पुसले. “ब्रदर, ही जेवता जेवता ठरवायची गोष्ट नव्हे.”

“मग कुठे ठरवायची, फादर?”

“प्रार्थनेत. तुमच्या सेमिनरीच्या रेक्टरांशी बोलून. आईचं दुखणं बघून मन हळवं होतं, ते मी समजू शकतो. पण देवाचं पाचारण ही…”

“मी बोलेन त्यांच्याशी. पण बोलून झाल्यावरही हेच असेल.”

पप्पा उठले. भात ताटात तसाच होता. “कुणाला विचारून?” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “सहा वर्षं. सगळा गाव मला कोण म्हणून ओळखतो, ठाऊक आहे तुला?” पप्पा हात न धुताच बाहेर ओटीवर गेले.

आणि मला राग आला. इतका की मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

“माझ्या नावावर हे करू नकोस,” मी दादाला म्हणाले. “मी मागितलं नव्हतं. उद्या सगळे म्हणतील, फिलूला शिकायचं होतं म्हणून ब्रदरने झगा उतरवला. आईही म्हणेल.”

“तुझ्यासाठी नाही करत.”

“मग कशासाठी?”

आईने डावा हात टेबलावर पालथा ठेवला होता. ती दादाकडे बघत होती, माझ्याकडे किंवा फादरकडे नाही.

“इनास,” ती म्हणाली. तिचे शब्द जड यायचे, म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलायची. “तू पोटात होतास. मी चर्चमधल्या माउलीला बोलले होते. हा मुलगा तुझा. मी तुला देऊन टाकलाय. आता परत कसा घेऊ?”

“तू दिलंस, आई,” दादा म्हणाला. “मी तेव्हा काही बोललो नव्हतो.”

मोनीमावशीने पदर तोंडाला लावला. फादर हिलरी खाली बघत होते. मला वाटलं, आता आई रडेल, आणि ती रडली की सगळं संपेल. दादा सोमवारी जाईल, मी भाकऱ्या करीन, आणि या संध्याकाळचा विषय कुणी पुन्हा काढणार नाही.

आई रडली नाही. तिने चमचा उचलला, ताटलीत राहिलेलं कडेला गोळा केलं आणि खाल्लं. एक घास, मग दुसरा. ताटली रिकामी होईपर्यंत कुणी हललं नाही. चमचा खाली ठेवून तिने ओठ पुसले, डाव्याच हाताने.

“उद्या काय करणार आहेस?” तिने दादाला विचारलं.

दादाला समजलं नाही. “कशाचं?”

“जेवायला.”

“बोंबील आणतो,” तो म्हणाला.

“येतात तुला करायला?”

“नाही. तू सांग.”

“सांगेन,” आई म्हणाली.

फादर हिलरी निघताना मला म्हणाले, “सोमवारी मी पुण्याला कळवतो.” हो किंवा नाही काय कळवणार, ते त्यांनी विचारलं नाही.

मी पप्पांचं ताट गरम करून ओटीवर नेलं. ते काळोखात विडी न पेटवता हातात धरून बसले होते.

“आईने काय सांगितलं त्याला?”

“उद्या बोंबील कसे करायचे ते सांगेन म्हणाली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाले, “भाताबरोबर बरं लागतं हे.” त्या रात्री त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. दादाशी ते पुढचा महिनाभर बोलले नाहीत. मग एकदा केळीचे घड उतरवायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा “ए, जरा धर” म्हणाले, आणि तिथून बोलणं सुरू झालं.

मी जुलैत पुण्याला गेले. लोकांनी जे बोलायचं ते बोलले, मला वाटलं होतं तसंच. दादा रेक्टरना भेटून आपली ट्रंक घेऊन आला. आई काठी धरून चालायला लागल्यावर एकदा एकटीच चर्चमध्ये गेली, तिथे बराच वेळ माउलीपुढे बसली आणि परत आल्यावर म्हणाली, “माझं तिच्याशी बोलणं झालंय.” काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. त्यानंतर कुणी दादाबद्दल काही बोललं की ती त्यांना हेच उत्तर द्यायची. लोक मात्र त्याला कायम ब्रदरच म्हणत राहिले. वाडी, लग्न, मुलं, सगळं झालं, तरी ‘ब्रदरच्या वाडीतली केळी’ हे नाव राहिलं.

मी शिकले, नाशिकला नोकरी केली, तिथेच संसार केला. आमच्या क्वार्टर्समध्ये आठवड्यातून एकदा तरी मॅकरोनी-खिमा व्हायचा. पगाराच्या आधीच्या दिवसांत त्यात बटाटे जास्त असायचे, मुलींच्या मैत्रिणी आल्या की मॅकरोनी. लुळ्या हाताच्या पेशंटच्या बायकांना मी तो करायला शिकवला. आई पुढे बरीच वर्षं जगली आणि शेवटपर्यंत आपल्या हाताने जेवली.

ती गेल्यानंतरच्या डिसेंबरात मी आठ दिवस माहेरी राहिले. दादा अंगणात बसून कोलंबी सोलत होता. केस पिकले होते. मी त्याच्यासमोर पाटावर बसले आणि इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“दादा, तू त्या दिवशी सोडायचं ठरवूनच घरी आला होतास ना?”

“नाही.”

“खरं सांग. आता काय फरक पडतो?”

“खरंच सांगतोय. सोमवारचं तिकीटसुद्धा काढलं होतं. मला फक्त वाटलं होतं, एक दिवस तुला सुट्टी द्यावी.”

“मग? फादरनी पुण्याचं काढलं तेव्हा ठरवलंस?”

“त्याच्या आधी.” त्याने कोलंबीचा धागा काढला, ती भांड्यात टाकली. “फिलू, सेमिनरीत आम्हाला सांगायचे, पाचारण म्हणजे देवाची हाक. ती ऐकू येते. मी सहा वर्षं कान लावून बसलो होतो. बाकीच्यांना यायची. ते सांगायचे, आणि मीही सांगायचो, आली म्हणून. मला कधी काही ऐकू आलं नाही. वाटायचं, उशिरा येईल.”

“आणि?”

“त्या संध्याकाळी तू विहिरीवर गेलीस. मी आईला खुर्चीत बसवलं होतं, ती काही बोलत नव्हती. मी चुलीवर कांदा टाकला आणि मॅकरोनीची पिशवी उघडत बसलो, तिच्याकडे पाठ करून. आणि मागून तिने हाक मारली. ‘इनास, कांदा करपतोय.’”

तेव्हा मी तिथे नव्हते, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच,” दादा म्हणाला. “मग मी उठलो आणि कांदा हलवला.”